छागलांचा विसरलेला इशारा

महंमद करीम छागला यांचे नाव घेतले की मुंद्रा प्रकरणाची चौकशी आठवते. १९५८ साली आयुर्विमा महामंडळाच्या पैशाचा तो व्यवहार त्यांनी लोकांसमक्ष तपासला आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. आदल्याच वर्षी त्यांनी दिलेला एक निकाल मात्र फारसा कोणाच्या स्मरणात नाही. आमच्या मते त्याचे मोल अधिक आहे.

छागलांचा जन्म १९०० सालचा, मुंबईतील खोजा कुटुंबातला. ऑक्सफर्डचे शिक्षण, जिनांच्या हाताखाली वकिलीची उमेदवारी, पुढे त्यांच्याशी राजकीय फारकत, आणि स्वातंत्र्याच्या वर्षीच मुंबईचे मुख्य न्यायाधीशपद. नंतरची राजदूत व मंत्री म्हणून झालेली कारकीर्द परिचितच आहे.

१९५७ साली टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देण्यासाठी आपल्या उद्दिष्टपत्रात बदल हवा होता. एका भागधारकाने हरकत घेतली आणि प्रकरण अपिलात छागला व तेंडोलकर यांच्यापुढे आले. कायद्यात मनाई नव्हती. सबब छागलांनी बदलास संमती दिली. परंतु असा पैसा लोकशाहीचा गळा आवळू शकतो, हा धोका त्यांनी निकालपत्रातच नोंदवला आणि संसदेने लक्ष घालावे, असे सुचवले. जे मनाला पटत नाही ते केवळ कायद्याच्या मर्यादेपोटी मान्य करणे, ही न्यायाधीशाची कोंडी सोपी नसते. आपल्या मतासाठी कायदा वाकवण्याचा मोह त्यांनी टाळला, हे योग्यच झाले.

संसदेने १९६० साली देणग्यांवर मर्यादा घातली. पंचवीस हजार रुपये किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे पाच टक्के, यांतील जी रक्कम मोठी असेल ती. १९६९ साली तर सरसकट बंदीच आली. व्यापाऱ्यांनी द्यायचे थांबवले म्हणता? छे, पावती तेवढी बंद झाली! १९८५ साली बंदी उठली. तोवर छागला निवर्तले होते. त्यांचा मृत्यू १९८१ चा. २०१७ साली नफ्याशी बांधलेली मर्यादाही गेली आणि देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारे रोखे आले. हे दोन्ही बदल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केले. १९५७ च्या त्या भागधारकाला आपली कंपनी काय करू पाहते, एवढे तरी ठाऊक होते.

विधानसभेच्या उमेदवाराने किती खर्चावे, याला २०२२ पासून महाराष्ट्रात चाळीस लाखांची आणि गोव्यात अठ्ठावीस लाखांची मर्यादा आहे. त्याच्या पक्षाने किती खर्चावे, याला मर्यादा नाही.