मुलांना वाचते करणारे साने गुरुजी

वऱ्हाडात शाळा कशा आल्या हे आपण सारे जाणतो. पापळ गावी २७ डिसेंबर १८९८ रोजी जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभे केले, १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली आणि शेतकऱ्याच्या पोराला शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. शेंडगावच्या गाडगेबाबांनी गावोगावच्या कीर्तनांतून लोकांना एकच विनवणी केली की, घरातले ताट मोडावे लागले तरी चालेल, पण पोराला शाळेत घाला. या थोरांच्या पुण्याईवरच माझ्यासारखी मुलगी आज बी.ए.च्या वर्गात बसली आहे. परंतु अक्षरओळख झालेल्या मुलाने पुढे वाचावयाचे काय? क्रमिक पुस्तकाबाहेरचे पान त्याच्या हाती कोणी द्यावयाचे? शाळा निघाली म्हणजे हा प्रश्न आपोआप सुटतो असे नाही. पंजाबरावांहून जेमतेम एक वर्षाने लहान असलेल्या एका शिक्षकाने हा प्रश्न स्वतःचा मानला. त्या शिक्षकाची, म्हणजे साने गुरुजींची, जीवनकथा आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या पालगड येथे झाला. घराणे एकेकाळी संपन्न होते, पण पांडुरंगाला समज येईतो घरात दारिद्र्य शिरलेले होते. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. प्राथमिक शिक्षण पालगडला आणि पुढचे दापोलीच्या मिशन शाळेत झाले. घरून खर्च झेपेना, तेव्हा गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून हा मुलगा औंध संस्थानात गेला. तेथे हाताने स्वयंपाक करून, अर्धपोटी राहून तो शिकला. औंधला प्लेगची साथ आली तेव्हा पुणे गाठले. १९१७ मध्ये आई गेली. लेक दूर शिकावयास होता, त्यामुळे अखेरची भेटही झाली नाही. दुसऱ्या वर्षी तो मॅट्रिक झाला, १९२२ मध्ये बी.ए. आणि १९२४ मध्ये तत्त्वज्ञान विषय घेऊन एम.ए. झाला.

लहानपणी या मुलाला पुस्तकांची भूक किती होती, याची साक्ष ‘श्यामची आई’ मधील एका प्रकरणात आहे. थोरांची चरित्रे वाचून आपणही मोठे व्हावे असे श्यामला वाटते, पण घरात पुस्तक नाही आणि विकत घ्यावयास पैसा नाही. शेवटी तो घरी आलेल्या पाहुण्याच्या पैशांना हात लावतो. चोरी उघडकीस येते, आईला अपार दुःख होते. आपण बहुतेक जण हे प्रकरण चोरी करू नये या बोधासाठी वाचतो. मला त्यातील दुसरी गोष्टही मोठी वाटते. पुस्तकासाठी मुलाचे मन किती कासावीस होऊ शकते, हे ज्याने स्वतः सोसले, तोच पुढे शिक्षक झाला. मुलांना वाचनाची आवडच नाही असे म्हणून तो स्वस्थ बसणे शक्य नव्हते.

हा शिक्षक घडला तो खानदेशात, अमळनेर येथे. अमळनेर आपल्याला परके नाही. अकोल्याहून शेगाव, मलकापूर करीत भुसावळ आणि जळगाव गाठले की सुरतेकडे जाणाऱ्या फाट्यावर हे गाव लागते. तीच काळी माती, तेच कापसाचे पीक. गिरणीमालक प्रतापशेठ यांच्या औदार्याने तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते. पांडुरंग साने प्रथम तेथे अभ्यासासाठी आले. पण एकांतातील तत्त्वचिंतनात त्यांचे मन रमले नाही. १९२४ मध्ये ते खानदेश शिक्षण मंडळाच्या, पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखल्या गेलेल्या शाळेत शिक्षक झाले. लवकरच छात्रालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली.

छात्रालयातील मुले आसपासच्या खेड्यांतून आलेली. घर सोडून प्रथमच परगावी राहिलेली. नवे गृहपाल त्यांच्या खोल्या झाडीत, अस्ताव्यस्त अंथरुणे घडी करून ठेवीत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. प्रारंभी मुलांनी थट्टा केली असेल, पण ज्याने आपले कपडे धुतले त्याच्यापुढे उद्धटपणा किती दिवस टिकणार? पांडुरंग सानेंचे ‘गुरुजी’ झाले ते याच ठिकाणी.

आणि याच ठिकाणी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक सुरू केले. हे दैनिक कोठल्याही छापखान्यात निघत नव्हते. मुले निजलेली असताना गुरुजी ते स्वतःच्या हाताने लिहीत आणि सकाळी मुलांना ते वाचावयास मिळे. छात्रालयातील घडामोडी, कोणाचे कौतुक, कोणाला हळूच दिलेली समज, थोरांच्या गोष्टी, देशात चाललेल्या चळवळींची माहिती असे नानाविध विषय त्यात येत. दिवसभर शाळेत शिकवावयाचे, संध्याकाळी मुलांचे पाहावयाचे आणि रात्री दुसऱ्या दिवसाचा अंक लिहावयाचा, असा हा क्रम होता.

मित्रहो, या दैनिकाचा आपण थोडा विचार केला पाहिजे. खेड्यातील बारा-पंधरा वर्षांचा मुलगा ते धावत जाऊन का वाचीत असेल? पहिले कारण असे की, त्यात त्याचे स्वतःचे जग होते. काल सायंकाळी आपण काय केले ते आज अक्षरांत दिसते, हे पाहून कोणाचे पाय थबकणार नाहीत? दुसरे कारण म्हणजे त्याची भाषा. वाक्ये लहान, शब्द घरातले. वाचताना ठेच लागू नये याची काळजी लिहिणाऱ्याने घेतलेली. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या मजकुरावर परीक्षा नव्हती. वाचले नाही तर शिक्षा नाही, वाचले तर गुण नाहीत. वाचनाचा आनंद एवढेच त्याचे बक्षीस. आणि एकदा हा आनंद लागला की स्वतःच्या छात्रालयापासून आरंभ केलेला मुलगा देशाच्या आणि जगाच्या बातमीपर्यंत आपल्या पायांनी जातो. मुलांजोगे वाचावयास नाही, म्हणून गुरुजी तक्रार करीत बसले नाहीत. दौत-टाक घेऊन त्यांनी ते तयार केले. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले, तेव्हा छात्रालयाच्या भिंतीबाहेरील मुलांपर्यंतही त्यांचे शब्द पोचू लागले.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. सहा वर्षांची नोकरी सोडून गुरुजी त्यात उतरले आणि तुरुंगात गेले. पुढील आयुष्याची कितीतरी वर्षे त्यांनी धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक अशा कारागृहांत काढली. परंतु त्यांचे अध्ययन आणि लेखन तेथेही थांबले नाही. त्रिचनापल्लीस तमिळ भाषेचा परिचय करून घेऊन त्यांनी ‘कुरल’ हा प्राचीन ग्रंथ मराठीत आणला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. ती अठरा प्रवचने गुरुजींनी बसल्या बैठकीस टिपून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्याला उपलब्ध आहे. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर काढलेल्या चित्रपटास १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

इंग्रजी न येणाऱ्या मुलांनाही जगातील मोठ्या कथा कळाव्यात, ही त्यांची तळमळ होती. म्हणून व्हिक्टर ह्यूगोची प्रचंड कादंबरी त्यांनी ‘दुःखी’ या नावाने सोपी करून सांगितली. जॉर्ज एलियटच्या कादंबरीतील एकाकी विणकर मराठीत ‘मनूबाबा’ होऊन आला. कपाशीच्या मुलुखातील मुलाला हातमागावर बसलेला म्हातारा परका वाटत नाही. तो इंग्लंडचा आहे हे पुढे कधीतरी कळले तरी चालते. टीकाकारांनी गुरुजींच्या लेखनाला भाबडे आणि रडवे म्हटले. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही, कारण त्यांची पात्रे फार लवकर डोळ्यांत पाणी आणतात. पण ज्याला पहिलेच पुस्तक वाचावयाचे आहे त्या मुलाच्या बाजूनेही हा प्रश्न पाहावयास हवा. शेवटचे पान येईपर्यंत त्याने पुस्तक खाली ठेवू नये, हे काम त्या पुस्तकांनी केले.

देशाच्या कामातही गुरुजी मागे नव्हते. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले, त्याच्या यशासाठी ते झटले. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढून शेतकरी-कामगारांची दुःखे मांडली. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये प्राण पणास लावून उपोषण केले. मंदिराची दारे उघडली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. निरनिराळ्या प्रांतांतील मुलांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, हे ‘आंतरभारती’चे स्वप्न त्यांनी १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात बोलून दाखविले. अखेरच्या काळातही आपल्या पुतणीला ते पत्रे लिहीत होते. फुले, पाखरे, ग्रंथ, देशोदेशीची माणसे यांच्या गोष्टी त्या ‘सुंदर पत्रां’त आहेत. छात्रालयाच्या दैनिकातील गृहपालच त्यांत बोलतो असे वाटते. परंतु भोवतालच्या जगाने हे कोमल मन थकून गेले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा आपणच संपविली. वय पन्नास. ज्यांना त्यांनी वाचावयास लावले त्या मुलांना हा घाव फार दिवस विसरता आला नाही.

गुरुजींचे चरित्र वाचून मिटून ठेवावे असे नाही. आपल्या गावातील सातवी-आठवीच्या मुलाकडे पाहावे म्हणजे ते पुन्हा उघडावेसे वाटते. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. घरातला छापील कागद म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर, रेशनकार्ड आणि बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर. गेल्या दिवाळीच्या सुटीत महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मी ‘श्यामची आई’ घरी नेली. सातवीतला धाकटा भाऊ प्रथम अडखळत, मग सरळ वाचू लागला. माय दिवसभर कापूस वेचून आलेली असे. तिला अक्षर लागत नाही, पण ती ऐकावयास बसे. पत्रावळीचे प्रकरण आले तेव्हा तिने वाचन थांबविले आणि तिचा बाप पळसाच्या पानांच्या पत्रावळी कशा लावी ते हाताने करून दाखविले. कोकणातले पुस्तक आमच्या ओसरीवर आमचेच झाले. त्या पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. त्या संपल्यावर भावाने दुसरे पुस्तक मागितले. ते त्याला त्याच्या शाळेत मिळाले नाही.

शाळेत पुस्तके नाहीत असे मात्र नाही. कपाट आहे, त्याला कुलूप आहे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, त्या दिवशी पुस्तके बाहेर येतात, मुले ती हातात धरून रांगेत बसतात, छायाचित्र निघते आणि पुस्तके परत कपाटात जातात. यात शिक्षकांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. प्रत्येक पुस्तक नोंदवहीत चढलेले असते आणि हरवले तर जबाब शिक्षकाला द्यावा लागतो. म्हणून कुलूप सुरक्षित वाटते. पण मुलाचे वय थांबत नाही. सातवी ते दहावी या चार वर्षांत ज्याला पुस्तकाची गोडी लागली नाही, तो दहावीनंतर कामधंद्यास लागला की पुस्तकाकडे वळणे कठीण. त्याच्या मोकळ्या वेळेला मोबाइल आहेच. माझ्या भावाकडेही ती चारच वर्षे आहेत.

आपण विद्यार्थी यात काय करू शकतो? आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी खेड्यात होते. आपण नाल्या साफ करतो, झाडे लावतो. त्या सात दिवसांत गावातील शाळेच्या मुलांसाठी रोज एक हस्तलिखित पत्रक काढता येईल. एक ड्रॉइंग शीट आणि दोन स्केच पेन एवढाच खर्च. त्यात गावातली बातमी असावी, मुलांची नावे असावीत, एखादी गोष्ट असावी आणि कठीण शब्द नसावेत. शेवटच्या दोन दिवसांचा अंक मुलांकडूनच लिहून घ्यावा. शिबिर संपल्यावर जवळच्या गावचे आपल्यापैकी दोघे-तिघे पंधरवड्यातून एकदा पुढचा अंक लावू शकतील. आपल्या प्राध्यापकांनी मुख्याध्यापकांना शब्द टाकला, तर पुस्तक हरविल्यास ते भरून देण्याची हमी आपण विद्यार्थी मिळून घेऊ आणि आठवड्यातून एक दिवस तरी ते कपाट उघडे राहील. ही सूचना मी मार्गदर्शक प्राध्यापकांपुढे लेखी ठेवली आहे. ज्या मित्रमैत्रिणींची तयारी असेल त्यांनी शिबिराच्या यादीत नाव देताना आपल्या गावातील शाळेचे नावही लिहावे, ही विनंती.