शेवटच्या गावाचा उपग्रह

आमच्या बचत गटातल्या एका ताईंची वाडी डोंगरापलीकडे आहे. मीटिंगचा निरोप द्यायचा तर फोन लागत नाही. रेंजसाठी त्यांना टेकडीवरच्या वडापर्यंत चढावं लागतं. परवा त्यांनी मला विचारलं, की आता म्हणे टॉवरशिवाय, थेट उपग्रहावरून मोबाइल चालणार, ते खरं का? खरं आहे, जगात काही ठिकाणी सुरूही झालंय. पण मैत्रिणींनो, मला त्या प्रश्नानं डॉ. विक्रम साराभाई आठवले. टॉवर पोचत नाही तिथं आकाशातून पोचायचं, हा ध्यास आपल्याकडे साठ वर्षांपूर्वी त्यांनी घेतला होता.

१२ ऑगस्ट १९१९ ला अहमदाबादच्या बड्या गिरणीमालकाच्या घरी विक्रमचा जन्म झाला. आठ भावंडं. आई सरलादेवींनी मुलांसाठी घरातच शाळा काढली. आत्या अनसूयाबेन तर अशी, की १९१८ च्या संपात सख्ख्या भावाविरुद्ध गिरणी कामगारांच्या बाजूनं उभी राहिली! अशा घरातलं पोर नुसतं पैसे मोजत बसलं नाही, यात नवल ते काय?

केंब्रिजला शिकत असताना महायुद्ध पेटलं. विक्रम परतले आणि बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्याकडे विश्वकिरणांवर संशोधन करू लागले. तिथंच नृत्यांगना मृणालिनींशी ओळख झाली. १९४२ साली लग्न झालं, पण छोडो भारत चळवळीच्या धामधुमीत वराकडचं कुणी लग्नाला पोचूच शकलं नाही. पुढेही मृणालिनींच्या वाट्याला नवरा कमीच आला. ते सतत प्रवासात असत. त्यांनी मात्र १९४९ मध्ये 'दर्पणा' ही स्वतःची नृत्यसंस्था उभी केली.

१९४७ मध्ये साराभाईंनी अहमदाबादला भौतिकी संशोधन प्रयोगशाळा काढली. मग केरळातलं थुंबा. मच्छीमारांच्या या गावातलं चर्च आणि बिशपांचं घर गावानं रॉकेटच्या कामासाठी दिलं. लोकांना दुसरीकडे घरं बांधून दिली, तरी समुद्राकाठचं आपलं घर सोडणं काय असतं, हे बाईलाच कळावं. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं.

गरीब देशाला ही चैन कशाला, असं तेव्हा पुष्कळ जण विचारत. साराभाईंचा हिशेब वेगळा होता. त्या काळी टीव्ही फक्त दिल्लीत होता. मनोऱ्यावरून दिसणारा टीव्ही साधारण शंभर किलोमीटरच्या पुढे जात नाही. म्हणजे मनोरे आधी मोठ्या शहरांत लागणार, मग जिल्ह्याला, आणि वाडीची पाळी शेवटी. रस्ता, नळ, दवाखाना, सगळं आपण असंच बघितलंय, नाही का? उपग्रहाचं तसं नसतं. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला एकाच जागी थांबल्यासारखा वाटतो. तिथून सगळा देश एकदम दिसतो. त्याला मुंबई काय नि आपली वाडी काय, सारखीच! मग शहराच्या आधी खेड्यालाच का देऊ नये?

आपल्याकडे उपग्रह नव्हता, तर अमेरिकेचा मागू, असं त्यांनी ठरवलं. १९६९ मध्ये अमेरिकेच्या 'नासा'शी करार झाला. त्याच वर्षी इस्रोची स्थापनाही झाली. १९७१ साली पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वीला उपग्रहाशी बोलणारं केंद्र सुरू झालं, त्याला पुढे विक्रम हेच नाव दिलं. पण ३० डिसेंबर १९७१ ला कोवळमला रात्री झोपेतच साराभाई गेले. अवघं ५२ वर्षांचं वय. अणुऊर्जा, अवकाश, दोन्हींचा भार एकाच माणसावर. जरा थांबायला त्यांना कुणी सांगितलं असेल का, असं मनात येतं.

१ ऑगस्ट १९७५ ला त्यांचं स्वप्न सुरू झालं. सहा राज्यांतली २,४०० गावं निवडली, तीही मुद्दाम मागासलेल्या भागातली. गावात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची मोठी छत्री, आणि एक टीव्ही संच. सकाळी शाळेच्या पोरांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंब नियोजन. नंतरच्या पाहणीत दिसलं, की आरोग्याची माहिती सगळ्यात जास्त वाढली ती बायकांची आणि निरक्षरांची. ज्यांना कुणी काही सांगतच नव्हतं, त्यांची!

वर्षभरानं, ठरल्याप्रमाणे, अमेरिकेनं उपग्रह परत नेला. आपला इन्सॅट-१बी आकाशात जायला १९८३ उजाडलं.

ताईंना मी एवढंच म्हटलं, की उपग्रहाचा फोन येईल तेव्हा येईल, पण महिन्याला पैसे किती पडतात ते आधी विचारा. त्या २,४०० गावांत संच सरकारनं दिला होता, आणि त्याच्यापुढे अख्खं गाव बसत होतं.