मतदार फॅनी लू हेमर

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारती, मोठमोठे कारखाने आणि रुंद रस्ते येतात. पण याच देशाच्या दक्षिण भागात मिसिसिपी नावाचे राज्य आहे. तेथे मैलोन् मैल कापसाचे मळे होते. मळ्यांचे मालक गोरे आणि त्यांत राबणारे मजूर बहुतेक काळे. या मजुरांचे आजे-पणजे गुलाम होते. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. वंश किंवा रंग पाहून कोणाचाही मताचा हक्क नाकारता येणार नाही, असे १८७० साली देशाच्या राज्यघटनेतही लिहिले गेले. तरी पुढे कितीतरी वर्षे मिसिसिपीतील बहुतेक काळ्या लोकांना मत देता आले नाही. हे कसे घडले, ते फॅनी लू हेमर यांच्या आयुष्यावरून नीट कळते.

फॅनी लू यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९१७ रोजी झाला. वीस भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. आईवडील दुसऱ्याच्या मळ्यात बटाईने शेती करत. फॅनी लू दोन वर्षांच्या असताना हे कुटुंब सनफ्लॉवर काउंटीत आले. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग. लहानपणी त्यांना पोलिओ झाला आणि पायाने त्या कायमच्या थोड्या अधू झाल्या.

सहा वर्षांच्या असताना मळ्याच्या मालकाने त्यांना एक लालूच दाखवली. तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास कापूस वेचला, तर त्याच्या दुकानातून हवा तो खाऊ मिळेल. पोरीने कापूस वेचला, खाऊही मिळाला. पण त्या खाऊमुळे ती दुकानाची देणेकरी झाली आणि पुढच्या आठवड्यापासून तिला दुप्पट कापूस वेचावा लागला. तेव्हापासून वेचणी सुटली नाही. काळ्या मुलांची शाळा वर्षातून चारच महिने भरे, तीही कापसाचे काम नसेल तेव्हा. फॅनी लू वाचनात हुशार होत्या. शब्दांच्या स्पर्धांत त्यांना मोठा आनंद वाटे. पण सहावीनंतर शाळा संपली. एका वर्षी वडिलांनी पै पै साठवून खेचरे विकत घेतली होती. कोणीतरी रात्री त्यांच्या चाऱ्यात विष घातले. खेचरे मेली आणि कुटुंब पुन्हा होते तेथेच आले.

१९४४ साली त्यांचे लग्न ट्रॅक्टर चालवणाऱ्या पेरी हेमर यांच्याशी झाले. रुलेविल या गावाजवळच्या मळ्यात दोघांनी अठरा वर्षे काम केले. लिहिता-वाचता येते म्हणून मालकाने फॅनी लू यांना मजुरांची हजेरी आणि कापसाच्या वजनाचा हिशेब ठेवायला बसवले. मालकाच्या काट्याचे वजन खोटे असे, त्यामुळे मजुराचा कापूस कमी भरे. मालक जवळ नसला की फॅनी लू आपल्याजवळचे खरे वजन काट्याला लावत. ही गोष्ट मला त्यांच्या पुढच्या मोठ्या कामांइतकीच महत्त्वाची वाटते.

ऑगस्ट १९६२ मध्ये रुलेविलच्या एका चर्चमध्ये सभा झाली. नागरी हक्कांसाठी काम करणारी काही तरुण मंडळी तेथे आली होती. काळ्या माणसांनाही मतदार म्हणून नाव नोंदवता येते आणि मत देता येते, असे त्यांनी सांगितले. फॅनी लू तेव्हा ४४ वर्षांच्या होत्या आणि हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकले. मुलांनो, येथे जरा थांबा. ज्या देशात आपला जन्म झाला, त्या देशात आपल्याला मताचा हक्क आहे, हे एका समजदार बाईला चव्वेचाळीस वर्षे कोणीही सांगितले नव्हते. याला अज्ञान म्हणायचे असेल तर म्हणा, पण ते कोणी निर्माण केले होते, हेही विचारायला हवे.

नाव नोंदवायला कोण येणार, असे विचारताच त्यांनी हात वर केला. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्यांच्यासह अठरा जण एका जुन्या बसने इंडियनोला या जिल्ह्याच्या गावी गेले. तेथील कचेरीत नोंदणी अधिकाऱ्याने परीक्षा घेतली. अर्जात एकवीस प्रश्न होते. राहता कोठे, काम कोणाकडे करता, हेही त्यांत होते. हे उत्तर लिहिले की मालकाला बातमी पोहोचणार, हे सर्वांना ठाऊक होते. पुढे मिसिसिपीच्या राज्यघटनेतले एक कलम उतरवून काढायचे आणि त्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहायचा. त्या राज्यघटनेत पावणेतीनशेहून अधिक कलमे होती. कोणते कलम द्यायचे ते अधिकारी ठरवी. फॅनी लू यांच्या वाट्याला सोळावे कलम आले. त्यात लॅटिन शब्दांत सांगितलेली कायद्याची एक बारीक बाब होती. त्यांनी कलम उतरवले, पण अर्थ सांगता आला नाही. त्या नापास झाल्या.

मताधिकारासाठी परीक्षा असावी, असे म्हणणारे लोक त्या काळीही होते आणि आजही भेटतात. राज्य कसे चालते, कायदे कोण करतो, हे ज्याला माहीत नाही त्याच्या मतामुळे सर्वांचे नुकसान होते, असे त्यांचे म्हणणे. हा विचार अगदीच पोकळ आहे, असे मी म्हणणार नाही. न समजता दिलेले मत चुकीच्या माणसाला जाऊ शकते. पण मी शिक्षक आहे आणि परीक्षा घेणे हे माझे रोजचे काम आहे. ज्या परीक्षेची नमुना-उत्तरे नाहीत, जिचे गुण तपासणाऱ्याच्या मर्जीवर आहेत आणि परीक्षार्थी नापास झाल्याने तपासणाऱ्याच्याच गटाचा फायदा होतो, तिला परीक्षा म्हणता येत नाही. गोऱ्या अर्जदाराला सोपे कलम मिळे, त्याची चूकही चालून जाई. शिवाय ज्या सरकारने काळ्या मुलांना वर्षातून चार महिने शाळा दिली, तेच सरकार त्यांच्याकडे कायद्याचे ज्ञान मागत होते.

आपल्या देशातही इंग्रजांच्या राजवटीत मताचा हक्क मालमत्ता, कर किंवा शिक्षण पाहून दिला जाई. बहुसंख्य प्रौढ त्यातून वगळले जात. १९५० साली आपली राज्यघटना अमलात आली आणि एकवीस वर्षांच्या प्रत्येक नागरिकाला मत मिळाले. १९८९ साली ही अट अठरा वर्षांवर आली. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हते. त्यांना गाळण्याऐवजी मतपेट्यांवर पक्षांची चिन्हे लावण्यात आली. मिसिसिपीने याच्या उलट मार्ग धरला होता.

इंडियनोलाहून परतताना पोलिसांनी बस अडवली. बसचा रंग फार पिवळा आहे, ती शाळेच्या बससारखी दिसते, असा गुन्हा काढून चालकाला दंड केला. प्रवाशांनी आपसांत पैसे गोळा करून तो भरला. सगळे घाबरले होते. तेव्हा फॅनी लू मोठ्याने चर्चमधली गाणी गाऊ लागल्या. त्यांचा आवाज भरदार होता. पुढे कित्येक सभांत त्या आवाजाने लोकांना धीर दिला.

त्याच संध्याकाळी मळ्याच्या मालकाने अर्ज मागे घ्या नाहीतर घर सोडा, असे बजावले. आपण नाव नोंदवायला गेलो ते स्वतःसाठी, मालकासाठी नव्हे, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्या रात्रीच बाहेर पडल्या. पतीला मात्र वेचणी संपेपर्यंत तेथेच राहावे लागले. १० सप्टेंबरच्या रात्री, रुलेविलमधील ज्या घराने फॅनी लू यांना आसरा दिला होता, त्यावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वाचल्या.

आता त्यांनी मिसिसिपीची राज्यघटना अभ्यासायला घेतली. डिसेंबरमध्ये त्या पुन्हा इंडियनोलाला गेल्या. पास होईपर्यंत दर तीस दिवसांनी येईन, असे त्यांनी अधिकाऱ्याला सांगून टाकले. जानेवारी १९६३ मध्ये त्या पास झाल्याचे कळले. पण मत द्यायला गेल्या तेव्हा दुसरीच अडचण निघाली. मागील दोन वर्षांच्या मतदान-कराच्या पावत्या त्यांच्याजवळ नव्हत्या. परीक्षा पास होऊनही त्यांना मत देता आले नाही.

पुढची हकिकत ऐकायला कठीण आहे. जून १९६३ मध्ये मतदार-शिक्षणाचे प्रशिक्षण घेऊन त्या बसने परत येत होत्या. विनोना या गावी पोलिसांनी त्यांना आणि सोबत्यांना पकडले. तुरुंगात दोन काळ्या कैद्यांना हुकूम देऊन त्यांच्याकडून फॅनी लू यांना अमानुष मारहाण करवली गेली. एक मूत्रपिंड आणि एक डोळा कायमचे अधू झाले. खटला झाला, पण पोलीस निर्दोष सुटले.

त्यांनी काम थांबवले नाही. गावोगाव वर्ग भरवून त्या शेतमजुरांना वाचायला, अर्ज भरायला आणि कायदे समजून घ्यायला शिकवू लागल्या. नागरिकाला ज्ञान हवे, याबद्दल त्यांचा वाद नव्हता. ते ज्ञान नसेल तर हक्क काढून घ्यावा, हे त्यांना मान्य नव्हते. नोव्हेंबर १९६३ मध्ये हक्कांच्या चळवळीने मिसिसिपीत एक नमुना-निवडणूक घेतली. तिच्यासाठी परीक्षा नव्हती, कर नव्हता. चर्चमध्ये, दुकानांत मतपेट्या ठेवल्या. सुमारे ऐंशी हजार लोकांनी मत दिले. या लोकांना मतदानाची आवड नाही, असे गोरे पुढारी नेहमी सांगत. त्यांना हे उत्तर मिळाले.

१९६४ साली फॅनी लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वांना खुला असा नवा पक्ष काढला. डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन ॲटलांटिक सिटीत भरले होते. मिसिसिपीहून आलेले प्रतिनिधी सगळे गोरे होते. त्यांच्या जागी आपल्याला बसवावे, अशी मागणी घेऊन ही मंडळी गेली. २२ ऑगस्ट रोजी फॅनी लू यांनी समितीपुढे आपली हकिकत सांगितली. ती दूरदर्शनवर थेट दाखवली जात असताना अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकार बोलावले, म्हणजे कॅमेरे त्यांच्याकडे वळावेत. पण रात्रीच्या बातम्यांत तीच साक्ष देशभर दाखवली गेली. तडजोड म्हणून फक्त दोन जागा देऊ केल्या गेल्या. त्यांनी त्या नाकारल्या.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकाराचा कायदा झाला. मिसिसिपीसारख्या राज्यांतील परीक्षा बंद पडल्या. पूर्वी तेथे पात्र काळ्या नागरिकांपैकी ७ टक्क्यांहून कमी लोकांची नावे यादीत होती. १९६७ पर्यंत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या जवळ गेले. १९७५ साली अशा परीक्षांवर साऱ्या देशात कायमची बंदी आली.

१९६८ च्या अधिवेशनात फॅनी लू मिसिसिपीच्या प्रतिनिधी म्हणून बसल्या. १९६९ साली त्यांनी भूमिहीन कुटुंबांसाठी सहकारी शेती सुरू केली. कारण मत मिळाले तरी मालकाच्या घरात राहणाऱ्या मजुराला ते निर्भयपणे देता येत नाही, हे त्यांनी स्वतः भोगले होते. ही शेती पैशांअभावी फार वर्षे टिकली नाही.

१४ मार्च १९७७ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९६३ साली विनोनाच्या तुरुंगातून त्यांना सोडवून आणायला जे गेले होते, त्यांत अँड्र्यू यंग होते. १९७७ साली ते संयुक्त राष्ट्रसंघात अमेरिकेचे राजदूत होते. अंत्यविधीसाठी ते रुलेविलला आले आणि चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढे बोलले.