जी. ए. कुलकर्णी : मर्त्यतेचे भान आणि एक अबोल आयुष्य

मराठी कथेतील अस्तित्ववादाची चर्चा सुरू झाली की गुरुनाथ आबाजी कुलकर्णी हे नाव अपरिहार्यपणे पुढे येते. त्याच नावाला नियतिवादी हे विशेषणही जोडले जाते. या दोन संज्ञांतील अंतर मात्र आपल्या वर्गाध्यापनात फारसे तपासले जात नाही. नियतिवादात माणसाच्या निवडीला अर्थ उरत नाही, तर अस्तित्ववादात निवडीवाचून माणसालाच अर्थ नसतो. जी.एं.ना या दोहोंपैकी कोठे ठेवावे, हा प्रश्न त्यांच्या जीवनक्रमाच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जी.एं.चा जन्म १० जुलै १९२३ चा. त्यांचे बालपण व शिक्षण बेळगाव परिसरात झाले. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा ज्या मातीत सहज नांदतात, त्या सीमाभागाचे संस्कार त्यांच्या कथेतील माणसांवर, घरांवर आणि बोलण्याच्या लकबींवर उमटलेले दिसतात. आई-वडिलांचे छत्र लवकर हरपले. जिव्हाळ्याच्या बहिणींचे मृत्यूही त्यांना पाहावे लागले. मृत्यू हा त्यांच्यापुढे प्रथम तत्त्वज्ञानातील समस्या म्हणून आला नाही. तो घरात आला. हायडेगर, सार्त्र किंवा कामू यांच्या विचारांशी त्यांच्या कथेचे नाते जोडताना हा क्रम विसरता कामा नये.

इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून धारवाडच्या जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात त्यांनी सुमारे तीन दशके अध्यापन केले. ते अविवाहित राहिले. मावसबहिणींचा सांभाळ त्यांनी मायेने केला. सभा-संमेलनांपासून ते कटाक्षाने दूर राहिले, मात्र मित्रांना व वाचकांना त्यांनी विपुल पत्रे लिहिली. त्यांच्या एकांतवासाला माणूसघाणेपणा म्हणणे त्यामुळेच योग्य ठरत नाही. भेटण्याचे टाळणारा हा लेखक पत्रांतून मात्र मोकळेपणाने बोलत होता.

‘सत्यकथे’तून त्यांची कथा वाचकांपुढे आली. ‘निळासावळा’ (१९५९) ते ‘रक्तचंदन’ (१९६६) या टप्प्यात दारिद्र्य, नात्यांतील दंश आणि अनपेक्षित आघात यांनी ग्रासलेली कौटुंबिक माणसे आढळतात. ‘काजळमाया’ (१९७२), ‘रमलखुणा’ (१९७५) आणि ‘पिंगळावेळ’ (१९७७) या संग्रहांत त्याच व्यथेला रूपककथेचे विस्तीर्ण अवकाश लाभले. मृत्यूकडे आपली प्रिया परत मागणारा ग्रीक पुराणातील ऑर्फियसही त्यांना आपलासा वाटला.

‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ग्रंथाच्या प्रकाशनकालावरून वाद उपस्थित होताच त्यांनी तो परत केला. सर्व काही आधीच लिहिलेले आहे असे मानणारा माणूस अशा प्रसंगी बहुधा हात जोडून स्वस्थ बसला असता. जी.एं.नी निर्णय घेतला आणि त्याची किंमतही स्वतःच मोजली. या कृतीत त्यांच्या कथेचे एक मर्म सापडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

‘स्वामी’ या कथेकडे या दृष्टीने पाहता येईल. मठाच्या भुयारी खोलीत कोंडलेल्या माणसाला सुटका नाही. तरीही श्वास कोंडत असताना तो एका वेलीचा शेंडा बाहेरच्या प्रकाशाकडे पोचवतो. मरण टळत नाही, पण मरणापूर्वीची ती कृती त्याची स्वतःची असते. नियती येथे परिस्थिती ठरवते. त्या परिस्थितीला द्यावयाचे उत्तर ठरवत नाही. तथापि त्यांना सार्त्रच्या अर्थाने अस्तित्ववादी म्हणणेही अवघड आहे. मानवी स्वातंत्र्यावर सार्त्रचा जेवढा भर आहे, तेवढा जी.एं.च्या जगाला पेलवणारा नाही. येथे स्वातंत्र्य आहे, पण ते वेलीच्या शेंड्याएवढे.

अखेरच्या काळात जी.ए. प्रकृतीच्या कारणाने पुण्यास आले. ‘बखर बिम्मची’ (१९८६) हे बालमनाचे प्रसन्न पुस्तक याच काळात प्रसिद्ध झाले. काळोखाचा लेखक ही त्यांची रूढ प्रतिमा या पुस्तकापुढे अपुरी पडते. ११ डिसेंबर १९८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

रेणापूरसारख्या ठिकाणी जी.ए. शिकवताना हा भेद केवळ परिभाषेचा राहत नाही. लातूर-उस्मानाबाद परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने हजारो माणसे निजल्या जागी गेली. आज वर्गात बसणाऱ्या मुलांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, पण त्यांच्या घरांतून ती पहाट अजून सांगितली जाते. या मुलांना जी.ए. केवळ नियतिवादी म्हणून शिकवले, तर साहित्य त्यांना सोसण्यापलीकडे काही देत नाही. ढिगाऱ्यातून बाहेर येऊन ज्यांनी पुन्हा चूल मांडली, त्यांच्या कृतीचा अर्थ लावण्याची भाषा जी.एं.च्या कथेत आहे. ती दाखवून देणे हे अध्यापकाचे काम होय.