बिलुंडचा सुतार आणि त्याची वीट

फुटबॉलचे छोटे हिरवे मैदान, बोटाने हलवता येणाऱ्या आधारावर उभे असलेले प्लॅस्टिकचे खेळाडू आणि सुपारीहूनही लहान चेंडू. लेगो कंपनीने २००० मध्ये बाजारात आणलेले हे क्रीडासंच आज दुकानांत मिळत नाहीत. त्यामागोमाग २००३ मध्ये आलेले बास्केटबॉल आणि आइस हॉकीचे संचही केव्हाच बंद झाले. मात्र जगभरातील संग्राहक ते आजही शोधत असतात. मूळ खोका शाबूत आहे का, जोडणीची पुस्तिका आहे का, उन्हाने विटा पिवळ्या पडल्या आहेत का, बास्केटबॉलपटूच्या पायांतील स्प्रिंग अजून उसळी घेते का, अशा बारकाव्यांवर या संचांची किंमत ठरते. मात्र या खेळण्यांचा उगम ज्या माणसापाशी आहे, त्याने आयुष्याची बहुतेक वर्षे प्लॅस्टिकला हातही लावला नव्हता. तो होता डेन्मार्कमधील एका आडगावचा सुतार, ओले कर्क ख्रिस्तियान्सेन.

ओले कर्क यांचा जन्म ७ एप्रिल १८९१ रोजी जटलँड प्रांतातील एका गरीब कुटुंबात झाला. घरात मुले पुष्कळ आणि जमीन निकस, त्यामुळे लहानपणीच गुरे राखण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. पुढे थोरल्या भावाच्या हाताखाली ते सुतारकाम शिकले. काही काळ जर्मनी आणि नॉर्वे येथे काम करून ते मायदेशी परतले आणि १९१६ मध्ये बिलुंड या खेड्यातील सुतारकामाचा कारखाना त्यांनी विकत घेतला. त्याच वर्षी क्रिस्टीने यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परिसरातील शेतकऱ्यांची घरे बांधणे, दारे-खिडक्या आणि कपाटे बनवणे हा त्यांचा व्यवसाय होता. कामात चोख आणि मनाने श्रद्धाळू अशी त्यांची पंचक्रोशीत ओळख होती.

१९२४ मध्ये त्यांच्यावर पहिला मोठा आघात झाला. कार्ल गेऑर्ग आणि गॉटफ्रेड ही त्यांची दोन लहान मुले कारखान्यात खेळत असताना सरस तापवण्याची शेगडी पेटवण्याच्या नादात लाकडाच्या भुशाने पेट घेतला. कारखाना आणि त्याला लागून असलेले राहते घर, दोन्ही जळून खाक झाले. ओले कर्क यांनी त्याच गावात आधीपेक्षा मोठी इमारत उभारली. दारापाशी दगडी सिंह असलेले ते घर बिलुंडमध्ये आजही जतन करून ठेवले आहे.

त्यानंतर आली जागतिक मंदी. शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्यांच्या हाती पैसा उरला नाही आणि घरबांधणीची कामे थांबली. कारागिरांना एकेक करून निरोप द्यावा लागला. १९३२ मध्ये ओले कर्क शिड्या, इस्त्रीच्या फळ्या आणि लाकडी खेळणी अशा लहानसहान वस्तूंकडे वळले. त्याच वर्षी क्रिस्टीने यांचे निधन झाले. पदरी चार मुलगे होते, थोरला १५ वर्षांचा आणि धाकटा अवघा सहा. कर्जासाठी भावंडांपुढे हात पसरावे लागले. एका धडधाकट सुताराने खेळणी करत बसावे, हे त्यांनाही पटण्यासारखे नव्हते. तरीही ओले कर्क यांनी खेळण्यांचे काम सोडले नाही. १९३४ मध्ये सोफी यांच्याशी त्यांनी दुसरा विवाह केला आणि विस्कटलेले घर पुन्हा सावरले.

व्यवसायाला नाव हवे म्हणून त्यांनी आपल्या कामगारांत स्पर्धा लावली. घरी केलेल्या वाइनची बाटली हे बक्षीस होते. अखेर पसंतीस उतरले ते त्यांचे स्वतःचेच नाव. डॅनिश भाषेतील ‘चांगले खेळा’ या अर्थाच्या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘लेगो’ हा शब्द तयार झाला. त्या काळी युरोपात योयोची लाट आली होती. कारखान्याने योयो भरपूर बनवले, पण लाट ओसरली आणि माल पडून राहिला. ओले कर्क यांनी उरलेले योयो मधोमध कापून खेळण्यातील मालमोटारींना चाके म्हणून बसवले. लाकूड वाया घालवायचे नाही, हा सुताराचा संस्कार त्यामागे होता.

गुणवत्तेबाबत मात्र त्यांनी काटकसर कधीच मानली नाही. लाकडी बदकांना रंगरोगणाचे तीन हात द्यायचे, असा कारखान्याचा शिरस्ता होता. एकदा गॉटफ्रेडने दोनच हात देऊन माल पाठवला आणि पैसे वाचवल्याचे वडिलांना मोठ्या अभिमानाने सांगितले. वडिलांनी त्याला तडक रेल्वे स्थानकावर पाठवले, खोकी परत आणायला लावली आणि उरलेला तिसरा हात त्याच्याकडूनच देऊन घेतला. सर्वोत्तमाहून कमी काहीही मुलांच्या हाती द्यायचे नाही, हे तत्त्व पुढे कारखान्याच्या भिंतीवर लाकडी पाटीच्या रूपाने झळकले.

मार्च १९४२ मध्ये, डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात असताना, कारखान्याला पुन्हा आग लागली. या वेळी यंत्रांबरोबर खेळण्यांचे नमुने आणि आराखडेही गेले. पन्नाशी ओलांडलेल्या ओले कर्क यांनी कारखाना पुन्हा उभा केला. युद्ध संपल्यावर त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला. सुमारे ३० हजार क्रोनर मोजून त्यांनी ब्रिटनमधून प्लॅस्टिक ओतण्याचे यंत्र मागवले. लाकडावर चाललेला संसार असताना एवढी रक्कम नव्या यंत्रात गुंतवण्याविषयी घरातूनही शंका व्यक्त झाली. पण ओले कर्क यांचा निर्णय पक्का होता.

याच सुमारास ब्रिटिश खेळणीकार हिलरी फिशर पेज यांनी तयार केलेल्या, एकमेकांत बसणाऱ्या विटांचे नमुने त्यांच्या हाती आले. त्यांत काही फेरफार करून लेगोने १९४९ मध्ये आपल्या विटा डेन्मार्कच्या बाजारात आणल्या. म्हणजे विटेची मूळ कल्पना बिलुंडची नव्हती. पेज यांचे १९५७ मध्ये निधन झाले. त्यांच्या रचनेचे हक्क कंपनीने रीतसर विकत घेतले ते १९८१ मध्ये. ओले कर्क यांच्या थोरवीचा विचार करताना ही बाजू नजरेआड करता येत नाही.

सुरुवातीच्या त्या विटा आतून पोकळ होत्या. एकीवर एक रचता येत, पण त्यांची पकड पक्की नव्हती आणि मोठी रचना सहज ढासळे. विक्रीही बेताचीच होती. दरम्यान कारभार हळूहळू गॉटफ्रेडच्या हाती येत होता. सुट्या खेळण्यांऐवजी एकमेकांशी जुळणाऱ्या खेळण्यांची पद्धत हवी, हा विचार १९५४ मध्ये एका सागरी प्रवासातील गप्पांतून त्याच्या मनात रुजला आणि पुढच्याच वर्षी विटांचा पद्धतशीर संच बाजारात आला. विटेच्या पोटात नळ्या बसवून पकड घट्ट करण्याचा उपाय सापडल्यावर २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, ११ मार्च १९५८ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने ओले कर्क यांचे निधन झाले. त्या वेळी ते ६६ वर्षांचे होते. ज्या विटेने पुढे जग जिंकले, तिचे यश पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९६० मध्ये आणखी एका आगीत लाकडी खेळण्यांचा विभाग भस्मसात झाला. त्यानंतर कंपनीने लाकूड कायमचे सोडले. १९६८ मध्ये बिलुंड येथे लेगोलँड हे उद्यान सुरू झाले आणि १९७८ मध्ये हातपाय हलवणाऱ्या चिमुकल्या माणसाने विटांच्या जगात प्रवेश केला.

त्या चिमुकल्या माणसाचेच क्रीडावतार आज संग्राहक जमवतात. २००३ च्या बास्केटबॉल संचांत कोबे ब्रायंट, शकील ओ’नील अशा खऱ्या खेळाडूंच्या प्रतिकृती होत्या. तोवर लेगोच्या माणसांचे चेहरे पिवळेच असत. माणसाच्या खऱ्या त्वचेचे रंग ज्या संचांत प्रथम आले, त्यांत हे बास्केटबॉल संच होते. मात्र ज्या काळात ते निघाले, तो कंपनीच्या इतिहासातील सर्वांत कठीण काळ ठरला. नवनवे विषय, नवनवे साचे यांमुळे सुट्या भागांचे प्रकार १२ हजारांच्या आसपास पोहोचले, खर्च वाढला आणि २००३-०४ मध्ये कंपनी मोठ्या तोट्यात गेली. २००४ मध्ये प्रथमच घराण्याबाहेरील व्यक्तीकडे सूत्रे आली, सुट्या भागांच्या प्रकारांना मोठी कात्री लागली आणि कंपनी पुन्हा मूळ विटेकडे वळली. पुढे २०२० मध्ये खेळ परतला तो विटांच्याच रूपात. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाची प्रतिकृती ३,८९८ भागांची होती. त्यानंतर बार्सिलोना आणि रिअल माद्रिद यांच्या मैदानांचे संचही निघाले.

जुन्या संचांवरून हात फिरवताना संग्राहकाला हा सारा इतिहास हाताशी लागतो. स्प्रिंगचे पाय केवळ एका खेळापुरते होते, म्हणून ते दुर्मीळ झाले. साधी वीट मात्र आजही १९५८ च्या विटेवर घट्ट बसते. रंगरोगणाचा तिसरा हात चुकवू न देणाऱ्या सुताराचा आग्रह त्या घट्ट पकडीत जिवंत आहे.