मद्रासमध्ये जन्मलेला, पाय आखूड झालेला माणूस आयगरवर स्की घेऊन चढला, कोण होते अर्नोल्ड लन?

हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लालम बघितलंय? झेंड्यांच्या मधून सपासप वळत खाली येणारे खेळाडू. या शर्यतीचे आधुनिक नियम ठरवणाऱ्या अर्नोल्ड लन यांचा जन्म १८८८ मध्ये आपल्या मद्रासमध्ये झाला. वडील हेन्री लन मेथडिस्ट मिशनरी म्हणून तिथे आले होते. पुढे ते इंग्लंडला परतले, सहलींच्या धंद्यात पडले आणि ब्रिटिशांना हिवाळ्यात स्वित्झर्लंडला नेऊ लागले. पोराला बर्फाची गोडी लागली ती अशी.

पण गंमत म्हणजे या माणसाचा जीव शर्यतीत नव्हता, डोंगराच्या धारेवर होता.

१९०८ मध्ये, विशीतच त्यांनी अल्पाइन स्की क्लब काढला. पुढच्याच वर्षी वेल्समधल्या कादेर इद्रिस डोंगरावर चढताना ते पडले. उजव्या पायाचा चुराडा झाला. पाय वाचला, पण कायमचा दोन-तीन इंच आखूड झाला आणि जखमेने पुढे अनेक वर्षं छळलं. त्याच पायामुळे पहिल्या महायुद्धात सैन्यानेही त्यांना घेतलं नाही.

एवढं झाल्यावर कुणीही चढाई सोडली असती. यांनी १९१७ च्या जूनमध्ये योसेफ क्नुबेल या वाटाड्यासोबत ४,५४५ मीटर उंचीच्या डोमवर स्कीने पहिली चढाई केली. मे १९२४ मध्ये तीन स्विस साथीदारांसोबत आयगरही केला.

आता स्की म्हणजे घसरत खाली यायचं साधन, मग त्याने वर कसं चढतात? स्कीच्या तळाला तेव्हा सीलच्या कातड्याच्या पट्ट्या बांधत. केसांची दिशा अशी, की स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. मऊ बर्फात पायी गेलात तर मांडीपर्यंत रुतता, स्कीवर वजन पसरतं. पण धार अरुंद आणि कडक झाली की स्कीचा उपयोग संपतो. मग बुटाखाली लोखंडी दाते, हातात आइस अ‍ॅक्स, कमरेला दोर. सगळ्यात फसवा असतो तो वाऱ्याने धारेबाहेर काढलेला बर्फाचा सज्जा. वरून तो जमिनीसारखा दिसतो, खाली मात्र नुसती हवा. म्हणून धारेच्या माथ्यावरून नाही, वाऱ्याच्या बाजूने जरा खालून चालतात. सह्याद्रीत कड्याच्या टोकावरचं गवत फसवतं, तसंच काहीसं.

आणि उतरताना? खाली झाडी लागते, तिथे पटापट वळता आलं पाहिजे. लन यांना स्लालम हवं होतं ते यासाठी. आधी त्यात वळणाच्या ऐटीला गुण मिळायचे. १९२२ मध्ये म्युरेन गावात त्यांनी झेंड्यांच्या जोड्या रोवल्या आणि फक्त वेळ मोजली. झाडांऐवजी झेंडे, इतकंच. १९३६ मध्ये ही शर्यत डाउनहिलच्या जोडीने ऑलिंपिकमध्ये पोहोचली.

त्यातून झालं मात्र उलटंच. शर्यतींसाठी, पर्यटकांसाठी उतार चोपून गुळगुळीत होऊ लागले, लिफ्ट आल्या. वर चढायची गरजच उरली नाही. लन यांना ही गोष्ट बोचत राहिली. त्यांच्या मते खरा स्कीअर तो, ज्याला प्रत्येक प्रकारचा बर्फ ओळखता येतो. आमच्या मते या तक्रारीत थोडा अन्यायही आहे, कारण चोपलेल्या उतारांमुळेच सामान्य माणूस स्की शिकला. शिवाय वडिलांचा धंदा त्याच सामान्य माणसावर चालत होता!

१९५२ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १९७४ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी ते गेले.

त्यांनी काढलेल्या कंदाहार क्लबच्या मंडळींनी १९२८ मध्ये म्युरेनजवळच्या शिल्टहॉर्न शिखरावरून 'इन्फर्नो' शर्यत सुरू केली. पहिल्या वेळी स्पर्धकांना आधी स्वतःच्या पायांनी शिखर चढावं लागलं होतं. शर्यत आजही होते. वर जायला आता केबल कार आहे.