मक्केच्या व्यापारी आदरणीय खदीजा (रजि.)

विडी वळून किंवा शिलाईयंत्र चालवून संसाराला हातभार लावणाऱ्या भगिनी आमच्या अक्कलकोटात थोड्या नाहीत. त्यांच्यापैकी एकीने काही महिन्यांपूर्वी मला प्रश्न पाठविला. चौघीजणींनी शिवलेले कपडे गुलबर्ग्याच्या बाजारात विकायचे होते. माल नेणारा मनुष्य नात्यातला नव्हता. त्याला मजुरीऐवजी नफ्यात वाटा द्यायचा होता. हे शरीअतला मान्य आहे काय? स्त्रीने या भानगडीत पडू नये, असे उत्तर मी घाईने देऊन टाकले. त्याच रात्री सीरतचा ग्रंथ उघडला आणि मला माझीच लाज वाटली. ज्यांना आपण उम्मुल मोमिनीन, म्हणजे सर्व ईमानधारकांची माता म्हणतो, त्या आदरणीय खदीजा (रजि.) यांचा व्यवसाय नेमका हाच होता.

त्यांचा जन्म कुरैशच्या बनू असद घराण्यात झाला. पिता खुवैलिद, माता फातिमा बिन्ते जाइदा. दोन विवाह झाले. त्यानंतर वैधव्यात त्यांनी आपला कारभार स्वतः सांभाळला. मक्का हे खडकाळ खोरे. तेथे ना शेती, ना बागा. शहराचे पोट काफिल्यांवर चाले. हिवाळ्यात ते येमेनकडे आणि उन्हाळ्यात शामकडे जात. कुरआनातील सूरह कुरैशमध्ये या दोन्ही प्रवासांचा उल्लेख आहे. खदीजा (रजि.) स्वतः काफिल्याबरोबर जात नसत. त्या भांडवल देत, विश्वासू माणूस निवडून माल त्याच्या स्वाधीन करीत आणि नफ्यातील ठरलेला हिस्सा त्याला देत. फिक्हच्या परिभाषेत या पद्धतीला मुदारबत म्हणतात. तोटा आला तर तो भांडवल देणाऱ्याचा. श्रम करणाऱ्याचे श्रम तेवढे वाया जातात. ज्या शहरात व्याजाने पैसे देऊन घरबसल्या धनवान होता येत होते, तेथे माल हजार किलोमीटरहून दूर पाठवून त्याची जोखीम अंगावर घेणे सोपे नव्हते.

त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच होते. पुढच्या जुमुअच्या आधी मी माझी चूक कबूल करून तिला निरोप धाडला. हिशेब लिहून ठेवावा आणि वाटा आधी ठरवावा, एवढेच त्यात जोडले.

अशा व्यापारात सारी भिस्त माणसाच्या निवडीवर असते. मुहम्मद (स.) यांच्या सचोटीची कीर्ती खदीजा (रजि.) यांच्या कानी आली, तेव्हा ते सुमारे पंचवीस वर्षांचे होते. इतरांना देत त्यापेक्षा अधिक मोबदला देऊ करून त्यांनी आपला माल त्यांच्या हवाली केला आणि मैसरा नावाचा आपला सेवक सोबत दिला. शामहून काफिला परतला तो भरघोस नफा घेऊन. परंतु मैसराने सांगितलेली हकीकत नफ्यापेक्षा त्यांच्या वर्तनाविषयी अधिक होती, आणि मालकिणीने तीच अधिक लक्षपूर्वक ऐकली. आपल्याकडे वही तपासणारे पुष्कळ असतात. माणूस तपासणारे विरळा. नफीसा नावाच्या मैत्रिणीकरवी विवाहाचा प्रस्तावही खदीजा (रजि.) यांनीच पाठविला. त्यांचे वय तेव्हा चाळीस होते असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. काही कथनांत अठ्ठावीसही येते.

पंधरा वर्षे गेली. प्रेषित (स.) हिराच्या गुहेत एकांतात राहू लागले, शिदोरी संपली की घरी येत आणि पुन्हा शिदोरी घेऊन जात. इ. स. 610 मध्ये पहिली वह्य आली. ते थरथरत घरी परतले, तेव्हा खदीजा (रजि.) यांनी त्यांना पांघरूण घातले आणि धीर दिला. तो धीर केवळ प्रेमाचा नव्हता. ते नाती जोडतात, दुर्बलांचा भार उचलतात, पाहुण्यांचे आतिथ्य करतात. अशा मनुष्याला अल्लाह कधीही अपमानित करणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. व्यापारात आणि संसारात पारखलेल्या माणसाविषयीची ती साक्ष होती. मग त्या त्यांना आपले वृद्ध, अंध चुलतबंधू वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या. सर्वप्रथम ईमान आणले ते त्यांनीच.

यानंतर ही संपत्ती कोठे गेली, हे आपल्या प्रवचनांत एका वाक्यात आटोपते. कुरैशने बनू हाशिमवर बहिष्कार घातला. त्यांच्याशी कोणी सोयरीक करू नये, त्यांना काही विकू नये, त्यांच्याकडून काही घेऊ नये, असा करारनामा काबागृहात टांगला गेला. अबू तालिब यांच्या घळीत सुमारे तीन वर्षे झाडांचा पाला खाण्याची पाळी आली. पुतणे हकीम बिन हिजाम आत्यासाठी गहू घेऊन निघाले, तर अबू जहलने त्यांची वाट अडविली; तंटा झाला. जिच्या मालाचे उंट शामच्या बाजारात उतरत, ती स्त्री आता मूठभर गव्हाची वाट पाहत होती. बाहेर पडून आपल्या बनू असदकडे जाण्याचा मार्ग त्यांना मोकळा असावा, असे मला वाटते. त्या गेल्या नाहीत.

बहिष्कार उठल्यावर थोड्याच काळात, इ. स. 619 मध्ये, त्यांचे निधन झाले. जनाजाची नमाज तेव्हा विहित झालेली नव्हती. हजून येथील कबरीत प्रेषित (स.) स्वतः उतरले. त्याच वर्षी अबू तालिबही गेले. म्हणून त्या वर्षाला दुःखाचे वर्ष म्हणतात. पुढे मदीनेत बकरी कापली की प्रेषित (स.) खदीजा (रजि.) यांच्या मैत्रिणींकडे आठवणीने वाटा पाठवीत. लोकांनी पाठ फिरविली तेव्हा तिने आपल्या संपत्तीने मला आधार दिला, ही आठवण ते वारंवार काढीत.

हिजरी सन 2 मध्ये बद्रची लढाई झाली. कैद्यांत प्रेषितांचे जावई अबुल आस होते, खदीजा (रजि.) यांच्या बहिणीचे पुत्र, तेही व्यापारीच. त्यांच्या सुटकेसाठी मक्केहून कन्या जैनब (रजि.) यांनी खंडणी पाठविली. तीत एक हार होता. जैनबच्या लग्नात आईने तो तिच्या गळ्यात घातला होता. प्रेषितांनी तो ओळखला आणि त्यांचे हृदय भरून आले. त्यांनी आज्ञा केली नाही. तुम्हाला उचित वाटले तर कैदी सोडा आणि हार परत करा, अशी साथीदारांना विनंती केली. साथीदारांनी कैदी सोडला, आणि हार पुन्हा मक्केला जैनबकडे गेला.